हॅवलॉकच्या प्रवाळांवर स्कूबा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंदमानातल्या हॅवलॉक बेटाचं नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे आणि पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्री विजय पुरम झालं आहे. फेरीच्या तिकिटावर नवी नावं दिसतात, बोटीवर मात्र अजून सगळे हॅवलॉकच म्हणतात. इथेही तेच वापरलं आहे. मुंबई-पुण्याहून पहिल्यांदा डाइव्ह करायला निघालेल्यांचे प्रश्न आधी घेतले आहेत. कोर्स केलेल्यांचे पुढे आहेत.

पोहता येत नाही. तरी डाइव्ह करता येईल का?

हो, पण फक्त नवशिक्यांची ओळख-डाइव्ह, जिला डीएसडी किंवा ‘ट्राय स्कूबा’ म्हणतात. तिची कमाल खोली १२ मीटर असते. पाण्यात तोल, हवा आणि दिशा हे सगळं इन्स्ट्रक्टर सांभाळतो. तुमचं काम तोंडाने सलग श्वास घेत राहणं आणि कान मोकळे करणं, एवढंच. ओपन वॉटर या प्रमाणपत्राच्या पहिल्या कोर्सला मात्र पोहणं लागतं: न थांबता २०० मीटर आणि १० मिनिटं तरंगणं. वेगाची अट नसते आणि स्टाइल कुठलीही चालते.

पोहता न येणाऱ्यांना खरी अडचण तोंडावर पाणी आल्यावर होते, खोलीमुळे नाही. नाक पाण्यात गेलं की श्वास आपोआप अडखळतो. जाण्याआधी आठवडाभर घरी बादलीत तोंड बुडवून, नाक न धरता, फक्त तोंडाने फुगे सोडायचा सराव करा. हास्यास्पद वाटेल, पण डाइव्हच्या सकाळी याचा जेवढा उपयोग होतो तेवढा दुसऱ्या कशाचाच होत नाही.

मालवणला स्कूबा केलंय. ते धरलं जातं का?

अनुभव म्हणून नक्कीच. प्रमाणपत्र म्हणून नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ जे करवतात तीही ओळख-डाइव्हच असते, बहुतेक वेळा पाच-सात मीटरवर आणि वेळेने आटोपशीर. कोकणात नद्यांचा गाळ आणि प्लवक यांमुळे दृश्यता काही मीटरच असते. हॅवलॉकला चांगल्या दिवशी १५ ते ३० मीटरपर्यंत दिसतं. तारकर्लीला एमटीडीसीच्या संस्थेत रीतसर कोर्स होतात. तिथे ओपन वॉटर करून अंदमानात फक्त डाइव्ह करायला जाणं हा खर्चाच्या दृष्टीने शहाणपणाचा मार्ग आहे.

महाराष्ट्राकडेही खऱ्या अर्थाने खोल समुद्रातली प्रवाळं आहेत. कान्होजी आंग्र्यांचं नाव लाभलेली आंग्रिया बँक विजयदुर्गपासून शंभरावर किलोमीटर आत आहे आणि तिचा माथाच सुमारे २० मीटर खोल आहे. दिवसभराच्या बोटीचं ते काम नव्हे.

जायचं कधी?

ऑक्टोबर ते मे. त्यातही जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत समुद्र सर्वांत शांत असतो. मेच्या उत्तरार्धात नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू होतात आणि लांबच्या जागांच्या बोटी बंद पडतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात वादळ झालं की दोन-तीन दिवस फेरीही थांबू शकते, म्हणून परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा. पाणी वर्षभर साधारण २७ ते ३० अंश असतं.

महिन्याइतकीच तिथीही महत्त्वाची आहे, आणि सहलीच्या पॅकेजवाल्यांना ती कधी सुचत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जोरात ये-जा करतं आणि डिक्सन्स पिनॅकल किंवा जॉनीज गॉर्ज यांसारख्या उघड्या जागांवर प्रवाह तापदायक होतो. अष्टमीच्या आगेमागे, भांगाच्या भरतीत, त्याच जागा निवांत होतात. कोकणातल्या मच्छीमाराला हे सांगावं लागत नाही. आपण कालनिर्णय बघावं.

बेटावर पोहोचल्यावर वेळेचं गणित कसं असतं?

श्री विजय पुरमहून खाजगी फेरीला दीड ते दोन तास लागतात, सरकारी फेरीला अडीच तासांच्या आसपास. अंदमान पूर्वेला बरंच लांब असूनही घड्याळ आपलंच, त्यामुळे डिसेंबरमध्ये पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. डाइव्हच्या बोटी म्हणूनच सकाळी सहा-साडेसहाला सुटतात. दुपारच्या फेरीने पोहोचून ‘आजच उरकून टाकू’ म्हणणाऱ्यांना गढूळ पाणी आणि थकलेला इन्स्ट्रक्टर मिळतो. पहिला दिवस प्रवासाचा, दुसरी सकाळ डाइव्हची असं ठरवा.

खर्च किती?

किनाऱ्यावरून केलेली ओळख-डाइव्ह साधारण साडेतीन-चार हजारांपासून सुरू होते. बोटीने गेल्यास सहा-सात हजारांपर्यंत जाते. ओपन वॉटर कोर्स तीन ते चार दिवसांचा असतो आणि त्याला पंचवीस ते पस्तीस हजारांच्या आसपास लागतात. हंगाम आणि सेंटर यांनुसार हे बदलतं.

आकड्यापेक्षा हे विचारा: एका इन्स्ट्रक्टरमागे पाण्यात किती जण? (नवशिक्यांसाठी आम्ही एकास एक सोडून दुसरं काही सुचवणार नाही.) पाण्याखाली प्रत्यक्ष किती मिनिटं? आधी उथळ पाण्यात सराव किती? बोटीवर ऑक्सिजन आहे का? शेवटच्या प्रश्नाला सेंटरवाला अडखळला तर पुढचं सेंटर बघा.

वैद्यकीय फॉर्म भरायला देतात. दमा आहे, पण सौम्य. ‘नाही’ लिहिलं तर?

लिहू नका. दम्यात फुप्फुसाच्या एखाद्या भागात हवा अडकू शकते. जमिनीवर त्याचा त्रास जाणवत नाही, पण वर येताना तीच अडकलेली हवा प्रसरण पावते आणि फुप्फुस फाटू शकतं. हृदयविकार, फिट्स, फुप्फुसाबाहेर छातीत पूर्वी हवा साठलेली असणं (न्यूमोथोरॅक्स), कानाचं ऑपरेशन, मधुमेह, पंचेचाळिशीनंतरचा रक्तदाब किंवा धूम्रपान: यांतलं काही असेल तर ‘हो’ लिहा आणि डॉक्टरांचं लेखी पत्र घरूनच आणा. हॅवलॉकवर ऐनवेळी सही देणारा डॉक्टर शोधण्यात सहल जाते. गरोदरपणात डाइव्ह अजिबात नाही. मासिक पाळीत चालते. रक्ताच्या वासाने शार्क येतात ही भीती निराधार आहे.

मुलांसाठी वयाची अट १० वर्षं पूर्ण. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना ज्युनिअर कोर्समध्येही १२ मीटरच्या खाली नेत नाहीत.

कानात दडे बसतात. काय करायचं?

पहिल्या डाइव्हमध्ये जे काही बिघडतं, त्यातलं बहुतेक इथेच बिघडतं, म्हणून जरा सविस्तर.

पृष्ठभागावर हवेचा दाब १ बार असतो आणि दर १० मीटरला १ बार वाढतो. म्हणजे पहिल्या १० मीटरमध्येच दाब दुप्पट होतो. पुढच्या १० मीटरमध्ये तो फक्त दीडपट होतो. कानाला सगळ्यात जास्त त्रास उथळ पाण्यात होतो तो यामुळे. मधल्या कानातली हवा दबते, पडदा आत खेचला जातो. घशातून कानाकडे जाणाऱ्या नळीतून ताजी हवा आत ढकलली की दोन्ही बाजू समान होतात.

नाक चिमटीत धरा, तोंड बंद ठेवा आणि नाकावाटे हलकेच फुंका. ‘टक्’ असा आवाज आला की झालं. पहिला प्रयत्न पृष्ठभागावरच करा, मग दर अर्ध्या मीटरला एकदा, दुखण्याची वाट न बघता. दीड-दोन मीटर नुसतंच खाली गेलात तर दाबाने ती नळी चिकटून बंद होते आणि मग कितीही जोर लावला तरी उघडत नाही. जोर लावूही नका, आतल्या कानाला इजा होते. मीटरभर वर या, पुन्हा हलकेच फुंका, मग खाली जा. पाय खाली, डोकं वर ठेवून दोरीला धरून उतरल्यास कान लवकर मोकळे होतात. एकच कान अडला असेल तर तो कान वरच्या बाजूला येईल अशी मान कलती करा आणि गिळा.

सर्दी असेल तर डाइव्ह रद्द. नाक मोकळं करणारं औषध घेऊन उतरणं आणखी वाईट, कारण खाली असताना औषधाचा असर ओसरतो आणि वर येताना कोंडलेल्या हवेला वाट मिळत नाही. बोटीवर पैसे भरलेले असतात, घरचे बघत असतात, अशा वेळी ‘होईल काहीतरी’ म्हणत उतरणारे पुढचे दोन आठवडे कानात थेंब घालत बसतात.

मास्कमध्ये पाणी येतं. मास्क खराब आहे का?

बहुतेकदा मिशी कारण असते. नाकाच्या लगेच खालची बोटाच्या पेराएवढी पट्टी बारीक करा, मास्क बसतो. दुसरं कारण म्हणजे पट्टा फार घट्ट करणं, त्याने रबरी कड वाकते आणि फट पडते. मास्क पट्ट्याशिवाय चेहऱ्याला लावून नाकाने हलका श्वास ओढला आणि हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला, तर माप बरोबर.

आत आलेलं पाणी काढायला वरच्या कडेला बोटांनी दाबा, वर बघा आणि नाकाने फुंका. खाली उतरताना मास्क चेहऱ्यावर दाबला जातो. तेव्हाही नाकातून थोडी हवा आत सोडायची, नाहीतर वर आल्यावर डोळ्यांचा पांढरा भाग लालभडक दिसतो.

चष्मा असेल तर सेंटरला आधीच नंबर कळवा, बऱ्याच ठिकाणी पॉवरचे मास्क असतात. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स चालतात. पाण्याखाली वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठ्या आणि एक चतुर्थांशाने जवळ दिसतात, त्यामुळे नंबर किरकोळ असेल तर काहीच केलं नाही तरी भागतं.

अंगठा वर केला की इन्स्ट्रक्टर मला वर का घेऊन जातो?

कारण पाण्याखाली त्या खुणेचा अर्थ ‘वर चला’ असा आहे. ‘ठीक आहे’ सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करा. फोटो काढताना सवयीने अंगठा दाखवून अर्ध्यात संपलेल्या डाइव्ह इथे रोज घडतात. हाताचा पंजा आडवा धरून डोलवला की ‘काहीतरी गडबड’, मग गडबड जिथे आहे तिथे बोट.

एक सिलिंडर किती वेळ पुरतो?

इथे सहसा ११.१ लिटरचा ॲल्युमिनियम सिलिंडर असतो, २०० बारपर्यंत भरलेला. म्हणजे साधारण २२०० लिटर हवा. ती साधी, गाळलेली, कोरडी हवा असते. त्याला ‘ऑक्सिजन सिलिंडर’ म्हणणं चुकीचं आहे. त्यातले ५० बार राखीव धरले तर वापरायला सुमारे १६६५ लिटर उरतात. नवशिका पृष्ठभागावर मिनिटाला २५ लिटर घेतो असं धरा. १० मीटरवर दाब दुप्पट, म्हणून खर्च ५० लिटर. हिशेब येतो ३३ मिनिटांचा. सरावलेला डायव्हर त्याच सिलिंडरवर तासभर काढतो, कारण तो हात मारत नाही, घाबरत नाही आणि श्वास सावकाश पूर्ण सोडतो.

श्वास रोखून हवा वाचवू मात्र नका. स्कूबाचा पहिला नियम श्वास न रोखण्याचा. १० मीटरवर भरलेली छाती रोखून वर आलात तर तीच हवा दुप्पट जागा मागते. उथळ पाण्यात जेमतेम सव्वा मीटरच्या फरकानेही फुप्फुसाला इजा होऊ शकते.

बोट लागते. उलटी झाली तर?

गोळी बोटीत चढण्याआधी तास-अर्धा तास घ्या. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. काही गोळ्यांनी झोप येते, म्हणून आदल्या दिवशी घेऊन बघा. सकाळी दीड-दोन तास आधी हलकं खा: केळी, टोस्ट, पोहे. मिसळ परतल्यावर. पाण्याखाली उलटी आलीच तर रेग्युलेटर (ज्यातून श्वास घेतो तो तोंडातला भाग) तोंडात धरूनच करायची, तो बाहेर टाकतो. नंतर त्याचं मधलं बटण दाबून साफ करायचं. तोंडातून काढून उलटी केली तर पुढचा श्वास पाण्याचा येतो.

कुठल्या जागेवर काय दिसतं?

नेमो रीफ ही २ नंबर बीचच्या किनाऱ्यावरून चालत जाण्याची जागा, दोन ते बारा मीटर. क्लाउनफिश, पोपटमासे, पायवाटेसारखी वाळू. ओहोटीला इथे पाणी फार उतरतं, म्हणून वेळ भरतीवर ठरते. लाइटहाउस आणि ॲक्वेरियम ओपन वॉटरवाल्यांना आणि धीट नवशिक्यांना जमतात. लाइटहाउसला मऊ प्रवाळं चांगली आहेत आणि रात्रीची डाइव्हही तिथेच करवतात.

डिक्सन्स आणि जॉनीज गॉर्ज हे हॅवलॉकला येण्याचं खरं कारण. डिक्सन्स म्हणजे खडकाचे तीन सुळके, माथे सोळा-अठरा मीटरच्या आसपास आणि तळ तिशीपार. जॉनीजला स्वीटलिप्सचे थवे, बॅराकुडा, ट्रेव्हॅली आणि कधी वाळूत पहुडलेले व्हाइटटिप रीफ शार्क. दोन्हींसाठी ॲडव्हान्स्ड प्रमाणपत्र हवं, ज्याची मर्यादा ३० मीटर आहे. ओपन वॉटरवर १८ मीटरच. तीस मीटरच्या जागेवर ‘वरवरून बघू’ असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा. सुळक्याच्या कडेने नजर खाली जाते आणि शरीरही तिच्यामागे जातं.

पाण्याखाली एका पातळीवर तरंगणं जमत नाही. वजन वाढवू का?

उलट कमी करा. ३ मिलिमीटरच्या वेटसूटला आणि ॲल्युमिनियम सिलिंडरला मध्यम बांध्याच्या माणसाला ४ ते ६ किलो शिसं पुरतं. जास्त वजन घेतलं की ते पेलायला बीसीडीत (हवा भरायच्या जॅकेटात) जास्त हवा भरावी लागते. ती हवा दर मीटरला फुगते-आक्रसते आणि तुम्ही लिफ्टसारखे वर-खाली होता. तपासायचं असं: पृष्ठभागावर बीसीडी रिकामं, छाती अर्धी भरलेली, आणि पाणी डोळ्यांच्या रेषेत. श्वास सोडल्यावर हळू बुडायला हवं. भरल्या सिलिंडरने तपासत असाल तर दोन किलो वाढवा, कारण डाइव्हच्या शेवटी संपलेल्या हवेएवढा तो हलका होतो आणि वर येताना नेमक्या ५ मीटरवर घ्यायच्या थांब्यावर तुम्हाला वर ओढतो.

पाय खाली लोंबत असतील तर फिन्स प्रवाळावर आपटतात. आडवे राहा, गुडघे किंचित वाकवा, हात छातीशी. फांदीसारखं प्रवाळ वर्षाला काही सेंटिमीटरच वाढतं, गोलाकार जाती तर मिलिमीटरमध्ये. फिनचा एक फटका कित्येक वर्षांची वाढ पाडतो.

वर येण्याचा वेग आणि विमान यांचा काय संबंध?

दाबाखाली नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो. हळू वर आलात तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईने आलात तर त्याचे बुडबुडे होतात. मिनिटाला ९ मीटरच्या वर जाऊ नका, ५ मीटरवर ३ मिनिटं थांबा. विमानातला कमी दाबही तेच करतो. एका डाइव्हनंतर किमान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा सलग दिवसांनंतर १८ तास विमान नाही. आम्ही २४ धरायला सांगतो. डाइव्ह सहलीच्या सुरुवातीला आणि राधानगरचा किनारा शेवटी असा क्रम लावला की हा प्रश्नच उरत नाही.

सांधे दुखणं, मुंग्या, त्वचेवर जाळीदार डाग, केलेल्या श्रमाला न शोभणारा थकवा यांतलं काहीही डाइव्हनंतर जाणवलं तर लगेच सांगा. पहिला उपचार शुद्ध ऑक्सिजन. वेदनाशामक घेऊन झोपू नका, लक्षणं झाकली जातात आणि वेळ जातो. हॅवलॉकवर रिकंप्रेशन चेंबर (पुन्हा दाबाखाली ठेवून उपचार करायची खोली) नाही, रुग्णाला समुद्र ओलांडून न्यावं लागतं. साध्या प्रवास विम्यात स्कूबा बहुधा वगळलेलं असतं, म्हणून डायव्हिंगचा वेगळा विमा घ्या.

शार्क, मगरी, विषारी मासे?

शार्क दिसले तर नशीब समजा. खरा खोडकर आहे टायटन ट्रिगरफिश. घरट्यावर असताना तो चावायला येतो. त्याचा इलाका शंकूसारखा वर पसरतो, म्हणून वर न पळता आडवं निघून जा. लायनफिश आणि स्कॉर्पियनफिश स्वतःहून काही करत नाहीत, हात टेकवणाऱ्याला काटा लागतो. लागल्यास सोसेल इतक्या गरम, ४५ अंशांपर्यंतच्या पाण्यात जखम अर्धा ते दीड तास ठेवा आणि डॉक्टर गाठा.

खाऱ्या पाण्यातल्या मगरी बेटांवर आहेत. २०१० मध्ये राधानगरजवळच्या नील्स कोव्हमध्ये स्नॉर्कलिंग करणाऱ्या एका पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. तिवरांच्या खाडीजवळ आणि संधिप्रकाशात पाण्यात उतरू नका. वनविभागाच्या पाट्या शोभेच्या नाहीत.

प्रवाळं पांढरी का दिसतात?

पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा अंशभराने वाढून काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ आपल्या ऊतींतलं सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतं आणि रंग जातो. ते लगेच मरत नाही, पण उपाशी असतं. अंदमानात २०१० ला मोठा फटका बसला, २०१६ लाही. उथळ भागांचं नुकसान जास्त झालं, खोल सुळके बरेच बचावले. एलिफंट बीचला उथळ पाण्यात तुटकी फांदी-प्रवाळं दिसली तर निराश होऊन सेंटरला दोष देऊ नका.

सनस्क्रीनऐवजी लांब बाह्यांचा रॅशगार्ड घाला. पाण्यात काही विरघळत नाही आणि उन्हाने मानही सोलत नाही.

फोटो निळे-हिरवे येतात.

लाल रंग पहिल्या पाच-सहा मीटरमध्येच विरतो. उथळ पाण्यात लाल फिल्टर, खोलवर टॉर्च, आणि मासा हाताच्या अंतरावर. गोप्रोची नवी मॉडेल्स उघडी १० मीटरपर्यंतच चालतात, त्याखाली हाउसिंग लागतं. कोर्समध्ये किंवा पहिल्या दहा-पंधरा डाइव्हमध्ये कॅमेरा नेऊच नका, एवढं आमचं मत.

किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडा घरी नेला तर?

गुन्हा होतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार सर्व कठीण प्रवाळं संरक्षित आहेत, मेलेलीही. मोठे शिंपले, समुद्रघोडे, समुद्रपंखे हेही त्यात येतात. वीर सावरकर विमानतळावर बॅगा तपासल्या जातात आणि मुलाच्या खिशातला तुकडाही सापडतो. शंख-शिंपल्यांच्या वस्तू घ्यायच्याच असतील तर परवानाधारक दुकानातून घ्या आणि बिल हातातल्या बॅगेत ठेवा.